एकट्या माशांची शेपटी

दारावरची घंटा वाजली तेव्हा दादा रेडिओशेजारी बसून डुलक्या काढत होते. रेडिओ सकाळपासून चालू होता. तो रोजच चालू असे.

"दादा, तो डबा बंद कर! ऐकतंय कोण?" आतून सुई ओरडली.

"मी ऐकतोय."

"मग आत्ता काय लागलंय ते सांग."

दादांना सांगता येईना. ते उठून दार उघडायला गेले.

सुई ही दादांची धाकटी बहीण. तिच्या नजरेला समोरच्याच्या बोलण्यातला ढिला टाका तेवढा नेमका दिसे, म्हणून लहानपणीच आईनं तिला हे नाव ठेवलं होतं. पुढे तिनं त्याचाच धंदा केला. हरवलेली माणसं, खोट्या सह्या, नाहक आलेले आळ, असली कामं ती घराच्या पुढच्या खोलीतून करी. दादांनी जन्मभर बस चालवली होती. बायको गेल्यावर ते बहिणीकडे राहायला आले, येताना एक पेटी आणि बायकोचा रेडिओ तेवढा घेऊन आले. सुईबरोबर ते कामावर जात, कारण घरी बसून भिंतींची तोंडं बघण्यापेक्षा ते बरं.

दारात एक तरुण मुलगी उभी होती. डोळे जागरणानं सुजलेले, बोटांची नखं कुरतडलेली.

"मी माशांवर संशोधन करते," ती म्हणाली.

"म्हणजे कसे पकडायचे ते?" दादांनी आपुलकीनं विचारलं.

"नाही. एकटे पडले की त्यांचं काय होतं ते."

दादांनी मागे रेडिओकडे पाहिलं. सुईनं खुर्ची पुढे सरकवली.

मुलीनं सांगितलं ते असं. बोटाच्या पेराएवढे मासे. त्यांच्या शेपटीचं टोक भूल देऊन जरासं कापलं तर ते पुन्हा वाढतं. काही मासे तिनं घोळक्यानं ठेवले, काही एकेकटे, वेगवेगळ्या टाक्यांत, मध्ये पुठ्ठे लावून, एकाला दुसरा दिसू नये असे. पाणी तेच, खाणं तेच. घोळक्यातल्या माशांची शेपटी भराभर भरून आली. एकट्यांची रेंगाळली.

"एकटेपणानं जखम भरत नाही, असं मी लिहिलं," मुलगी म्हणाली. "आमच्यात रीत आहे. निबंध छापण्याआधी तो अनोळखी जाणकारांकडे जातो. ते खोड काढतात, शंका विचारतात. त्यांची नावं आम्हाला कधीच कळत नाहीत."

"म्हणजे परीक्षा देणारा उघड्यावर, घेणारा पडद्याआड," दादा म्हणाले.

"तसंच. त्यांनी एकच गोष्ट मागितली. हाच प्रयोग दुसऱ्या कुणाच्या हातून करून घ्या, बाकी कशालाही हात लावू नका. माझ्या सहकाऱ्यानं तो केला. तो संपेपर्यंत मला त्या खोलीत जायला बंदी होती आणि त्याच्याशी बोलायलाही. माझा प्रभाव पडू नये म्हणून. आणि शेवटी..." तिचं बोट नकळत दातांकडे गेलं. "त्याच्या एकट्या माशांच्या शेपट्या छान वाढल्या. घोळक्यातल्यांसारख्याच."

"म्हणून तुम्ही आकडे मनानं लिहिलेत, असा आळ आला."

"उद्या समिती बसते आहे. ठपका आला तर जगातली कुठलीच प्रयोगशाळा मला दारात उभं करणार नाही. निबंध छापून आला असता तर समुद्रापलीकडच्या एका मोठ्या संस्थेत जागा ठरलेली होती. आता ती राहू दे, इथली किल्लीसुद्धा काढून घेतली."

सुईनं तिच्याकडे रोखून पाहिलं. "बनवलेत का आकडे?"

"नाही."

"बरं. संशय कुणावर?"

"सहकाऱ्यावर. मी गेले तर माझी जागा त्याची."

"आणि तुमच्या बाजूनं कोण?"

"एकटे सर. आमचे विभागप्रमुख. त्यांनीच मला हाताला धरून शिकवलं. निबंधावर मार्गदर्शक म्हणून नाव घालायचा त्यांचा हक्क होता, तरी म्हणाले, तुझं काम, तुझंच नाव. तुम्हाला आत सोडायलाही ते कबूल झालेत."

संस्थेचा जिना चढताना दादांना धाप लागली. वर एक लांबलचक मार्गिका होती. दोन्ही बाजूंना बंद दारं, प्रत्येक दाराला हातभर काच आणि प्रत्येक काचेआड एक वाकलेलं डोकं. एवढी माणसं, पण कुणाचा कुणाला शब्द नाही. रिकाम्या बसलासुद्धा यापेक्षा जास्त आवाज असतो, असं दादांच्या मनात आलं.

माशांच्या खोलीत मात्र बोलणं चालू होतं. टाक्यांची देखभाल करणाऱ्या काकू माशांना खाणं घालता घालता त्यांना रागावत होत्या.

"सावकाश खा रे, कुणी पळवत नाही तुझं! या, आत या. पायाखाली पाणी आहे, जपून."

एका भिंतीला घोळक्यांच्या मोठ्या टाक्या होत्या. समोरच्या फडताळात लहान लहान टाक्यांच्या रांगा, प्रत्येकीवर दिवा, प्रत्येकीत एक मासा. टाक्यांच्या तिन्ही बाजूंना बाहेरून काळा कागद लावलेला होता, कडांना चिकटपट्ट्या मारून. पुढची बाजू तेवढी उघडी.

दादा वरच्या रांगेसमोर उभे राहिले. त्यांनी घाम पुसला, जिन्यात कलंडलेली टोपी दोन्ही हातांनी सरळ केली, थोडी उजवीकडे झुकवली, मग आत डोकावले.

"हा बघ गं, सारखा भिंतीला नाक लावून वरखाली करतोय. वेडा झाला की काय?"

"वरचे सगळे तसेच," काकू म्हणाल्या. "आनंदी आहेत बापडे. रुसलीय ती खालची रांग."

सुई गुडघ्यांवर बसली. खालच्या रांगेच्या टाक्यांना काळा कागद नव्हता, खडबडीत राखाडी पुठ्ठे उभे केलेले होते. मासे तळाशी, कोपऱ्यात, पर मिटून. शेपट्या अजून बोथट.

"यांना कागद का नाही?"

"पुरला नाही. म्हणून आधीच्या बाईंचे जुनेच पुठ्ठे लावले. आणि हे आजारी निघाले. प्रयोग करणारे साहेब म्हणाले, यांना धरायचं नाही मोजणीत."

"काकू, तुम्ही माशांशी बोलता ते साहेबांना चालतं?"

"चालतं कुठलं! पण दिवसभर गप्प राहून मलाच वेड लागेल. घरीही कुणी नाही बोलायला."

"सगळ्यांशी बोलता?"

"खालच्यांशी जास्त. वाकून, कंबर धरून. पण ढिम्म हलत नाहीत."

सुईनं मान डोलावली आणि उठताना दादांच्या टोपीकडे पाहून हसली. "छान बसलीय."

सहकारी आपल्या खोलीत उभ्यानंच डबा खात होता. उंच, हडकुळा, चष्म्याची काच बोटांच्या ठशांनी मळलेली.

"मी तिच्या जागेवर टपून बसलोय, असं सांगितलं असेल तिनं," त्यानं घास गिळत म्हटलं.

"बसला आहात का?"

"जागा मला मिळेल, ते खोटं नाही. पण मी अशी मिळवणार नाही. मी मुळात हाडांचा अभ्यासक. मासे माझा विषयच नाही, म्हणून तर मला निवडलं. परीक्षकांच्या अटी कार्यालयामार्फत तोंडी कळल्या, त्या डोळे झाकून पाळल्या. खोलीत परका माणूस गेला नाही, एक मासा इकडचा तिकडे झाला नाही. शेपट्यांची छायाचित्रं मोजणाऱ्यांनासुद्धा ठाऊक नव्हतं, कोण एकटा आणि कोण घोळक्यातला."

"परीक्षकांची पत्रं कुणाला येतात?"

"लेखिकेला. आणि विभागप्रमुखांना. मला कशाला येतील?"

"प्रयोग चालू असताना लेखिकेशी काही बोलणं?"

"अवाक्षर नाही. नियमच आहे." त्यानं डब्याचं झाकण लावलं. "आधी आम्ही एका टेबलावर जेवायचो. आता ती मला बघून रस्ता बदलते. जेवण उभ्यानंच उरकतं."

"खालच्या रांगेतले मासे आजारी, हे कुणी तपासून सांगितलं?"

तो जरा घुटमळला. "तपासलं कुणी नाही. दिसतच होतं. बाकीच्यांच्या शेपट्या वाढल्या, यांच्या वाढेनात. मग आजारीच म्हणायचे ना?"

"हो ना," सुई म्हणाली. "घोड्याला शिंगं फुटली नाहीत म्हणून आजारी म्हणावं, तसंच."

त्याला तो टोमणा कळला नाही. दादांनाही कळला नाही, पण ते बहिणीच्या बाजूनं हसले.

विभागप्रमुखांची खोली मार्गिकेच्या अगदी टोकाला होती. केस पिकलेले, अंगरखा स्वच्छ, वागणं अदबीचं. त्यांनी उठून दोघांना बसायला सांगितलं. टेबलाशी दोनच खुर्च्या होत्या, म्हणून ते स्वतः खिडकीशी टेकून उभे राहिले.

खिडकीत पिंजरा होता. आत एकच हिरवा पक्षी. तो दांडीवर बसून पिंजऱ्यातल्या छोट्या गोल आरशाला चोच घासत होता, मान वेळावून काहीतरी पुटपुटत होता.

"एकटाच?" दादांनी विचारलं.

"जोडीचा गेला. काही दिवस यानं दाणा सोडला होता. आता बरा आहे."

टेबलावर दोन कप पालथे घातलेले होते. दोन्ही नुकते धुतलेले, ओले.

"कुणी यायचं आहे का?" सुईनं विचारलं.

"नाही." सरांनी कपांकडे पाहिलं. "दुपारचा चहा ती इथं घ्यायची. किल्ली काढून घेतली तेव्हापासून येत नाही. धुवायची सवय राहिली आहे."

"तिनं आकडे बनवले असतील?"

"कधीच नाही!" सरांचा आवाज चढला आणि लगेच खाली आला. "चूक झाली असेल. चूक कुणाचीही होते. मी समितीला तेच सांगणार आहे. तिला काढू नका, म्हणावं. इथंच राहू दे, वर्षभर प्रयोग पुन्हा करू दे, मी जातीनं लक्ष घालतो. घाई काय आहे जायची?"

"जायची?"

"म्हणजे... निबंधाची. छापायची."

सुईनं मान हलवली. बाहेर पडताना ती पिंजऱ्यापाशी क्षणभर थांबली. पक्ष्यानं तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

घरी परतताना दादांनी निकाल देऊन टाकला. "तो हाडवाला. आयती जागा मिळते, मासेही त्याच्याच ताब्यात. आणखी काय पाहिजे?"

"मग खालची रांग त्यानं तशीच का ठेवली? लबाड माणूस आजारी मासे फेकून देतो, टाकीत जपून ठेवत नाही."

"मग काकू. बोलून बोलून सोबत केली माशांना."

"ज्यांच्याशी जास्त बोलल्या तेच सुकलेत की." ती चालता चालता थांबली. "दादा, वरच्या रांगेसमोर तू काय केलंस, आठवतं?"

"मासे बघितले."

"त्याच्या आधी?"

दादांनी डोकं खाजवलं. त्यांना काहीच आठवेना. रात्री रेडिओ लावून ते त्यावर विचार करत बसले आणि तसेच झोपले.

दुसऱ्या दिवशी समिती बसायच्या आधी सुईनं सगळ्यांना माशांच्या खोलीत बोलावलं. समितीच्या अध्यक्षबाई आल्या, ठेंगण्या आणि कडक. सहकारी आला. सर आले. मुलगी दाराशीच उभी राहिली. कितीतरी दिवसांनी ती त्या खोलीचा उंबरा ओलांडत होती. फडताळाकडे लक्ष जाताच तिच्या कपाळाला आठी पडली.

"हा काळा कागद कसला?" ती म्हणाली.

"तेच विचारायला जमलोय," सुई म्हणाली. "दादा, पुढे ये. रात्रीची बस चालवताना तू डोक्यावरचा दिवा लावून ठेवायचास?"

"छे! वेड लागलंय? आत दिवा आणि बाहेर अंधार असला की समोरच्या काचेत रस्ता दिसतच नाही. आपलंच थोबाड दिसतं."

"आणि काल घाम पुसून टोपी सरळ केलीस, ती कशात बघून?"

दादांनी तोंड उघडलं. वरच्या रांगेतल्या टाकीकडे पाहिलं. काळ्या कागदावरच्या काचेतून टोपी घातलेला एक म्हातारा त्यांच्याकडे आ वासून बघत होता.

"अगं बाई!" काकू म्हणाल्या.

"दादांना बाहेरून दिसलं ते माशाला आतून दिसतं," सुई म्हणाली. "टाकीत उजेड, काचेपलीकडे काळोख. तिन्ही भिंतींचे आरसे झाले. मासा वळेल तिकडे दुसरा मासा. तो खरा की खोटा, हे याला कुठं कळतंय? वरच्या रांगेतला एकही मासा एकटा नव्हता."

तिनं एका टाकीच्या बाजूची पट्टी सोडवली, कागद काढला आणि तिथं राखाडी पुठ्ठा सरकवला. भिंतीला नाक लावून झुलणारा मासा थबकला. पुढे आला, मागे गेला. मग दुसऱ्या भिंतीकडे वळला आणि तिथल्या आपल्याच प्रतिबिंबाला बिलगला. सुईनं तिथलाही कागद काढला. मग मागचा. मासा टाकीभर फिरला, शोधत राहिला आणि शेवटी हळूहळू कोपऱ्यात उतरला. पर मिटले.

दादांनी मान फिरवली.

"खालच्या रांगेला कागद पुरला नाही," सुई म्हणाली. "तिथं पुठ्ठे राहिले आणि तिथंच शेपट्या वाढल्या नाहीत. या मुलीनं लिहिलं होतं, अगदी तसंच."

सहकाऱ्यानं चष्मा काढला. "मी त्यांना आजारी ठरवलं," तो पुटपुटला. "तेच तेवढे खरं सांगत होते."

"म्हणजे कागद लावण्यात तुमचा घोटाळा झाला," अध्यक्षबाई त्याला म्हणाल्या.

"परीक्षकांची अट होती! पुठ्ठ्यांच्या फटीतून उजेड येतो, काळा कागद लावा म्हणून."

"अशी अट नव्हती!" मुलगी ओरडली. "कशालाही हात लावू नका, एवढंच होतं."

"तर मग ही अट आली कुठून?" सुई म्हणाली. "पत्रं दोघांनाच येतात. लेखिका याच्याशी बोलू शकत नव्हती. आणि आपला गळा आपण कोण कापून घेतं? उरला एकच माणूस. त्याला ठाऊक होतं की एकट्या जिवाला आरसा दिला की तो पुन्हा दाणा खायला लागतो. रोज त्याच्या खिडकीत ते घडत होतं."

सगळ्यांची डोकी वळली. सर फडताळाला हात टेकून उभे होते. त्यांनी नाकारायचा प्रयत्नही केला नाही.

"सर?" मुलगी म्हणाली. "तुम्ही तर माझ्या बाजूनं..."

"तुझ्याच बाजूनं होतो." ते कोपऱ्यातल्या माशाकडे बघत बोलत होते. "निबंध परत येईल एवढंच वाटलं होतं. मग म्हटलं असतं, चल, वर्षभर पुन्हा करू. तू थांबली असतीस. दुपारी चहाला आली असतीस. खोटेपणाचा आळ येईल, हे डोक्यातच आलं नाही. आणि आला, तेव्हा बोलायला जीभ उचलली नाही. आज बोलू, उद्या बोलू, असं करत राहिलो."

"माझं आयुष्य जात होतं, सर."

"हो."

"थांब म्हणून विचारायचं होतंत मला."

"विचारलं असतं तर थांबली असतीस?"

मुलीनं मान हलवली. "नाही," ती म्हणाली. "गेलेच असते. पण तिथून फोन केला असता. दर रविवारी. तुमच्याशिवाय मी आणखी कुणाला सांगणार होते, तिथं काय चाललंय ते?"

सरांचा चेहरा तेव्हा पडला. आतापर्यंत पडला नव्हता.

अध्यक्षबाईंनी घसा साफ केला. "समितीसमोर हे तुम्हीच सांगाल का?"

"मीच सांगतो," सर म्हणाले आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडले. लांब मार्गिकेतून एकटे चालत गेले. बंद दारांच्या काचांतून कुणीही मान वर करून पाहिलं नाही.

सहकारी मुलीजवळ आला. "मी सगळे आकडे पुन्हा मांडतो. खालच्या रांगेसकट. आणि..." तो अडखळला. "जेवलीस का?"

"नाही."

"मीही नाही."

काकूंनी एव्हाना त्या कोपऱ्यातल्या माशाला जाळीत अलगद उचललं होतं. अध्यक्षबाईंकडे एकवार बघून त्यांनी तो समोरच्या घोळक्यात सोडून दिला. अध्यक्षबाईंनी त्याच वेळी खिडकीबाहेर पाहायचं ठरवलं.

घरी येईतो संध्याकाळ झाली. दादांनी टोपी खुंटीला अडकवली आणि पाय आपोआप रेडिओकडे वळले. बटण फिरलं. कुणीतरी कुणाशी तरी काहीतरी बोलायला लागलं.

सुई तिच्या खोलीत गेली नाही. रोज ती चहा घेऊन आत जाई आणि दार लोटून घेई. आज ती दारात उभी राहून भावाकडे बघत राहिली. दादा डोळे मिटून बसले होते, हात रेडिओच्या पाठीवर.

"दादा, आत्ता काय लागलंय?"

"कुणाला ठाऊक." डोळे न उघडताच ते म्हणाले. "तिला आवडायचा."

सुई आत गेली. दोन कप चहा घेऊन आली, एक त्यांच्यापुढे ठेवला. मग तिनं रेडिओचं बटण फिरवलं. खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली. दादांनी दचकून डोळे उघडले.

तिनं खुर्ची ओढून त्यांच्या समोर मांडली आणि बसली.

"सांग," ती म्हणाली. "वहिनीला आणखी काय काय आवडायचं?"